खटका कुठे आहे?

टेस्लाच्या मॉडेल एक्स या गाडीत मागे बसलेल्या माणसाला वीज गेलेली असताना बाहेर पडायचं असेल, तर त्याने आधी दारातल्या स्पीकरची जाळी उचकटायची. जाळीमागे एक केबल असते. ती खाली आणि गाडीच्या पुढच्या दिशेने ओढायची. कडी सुटते, पण दार उघडत नाही, कारण हे दार बाजूला नाही तर वर उघडणारं आहे. ते मग दोन्ही हातांनी उचलून वर ढकलायचं. हे सगळं गाडीच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ छापलेलं आहे. गाडीत धूर भरत असताना पुस्तिका कोण उघडणार, हा प्रश्न तेवढा पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचा.

असं दार कुणाला सुचलं असेल, असं म्हणून हसून पुढे जाता येईल. पण त्या केबलपर्यंत पोहोचण्याचा इतिहास फार मजेशीर आहे, आणि तो सुरू होतो दाराच्या जाडीत दडलेल्या एका लहानशा यंत्रापासून.

कुठल्याही साध्या गाडीचं दार उघडा आणि त्याची कड पाहा. तिथे एक खाच दिसेल, आणि खाचेत आकड्यासारखा वळलेला पोलादी तुकडा. समोर गाडीच्या चौकटीवर त्याचा जोडीदार, जाड सळई वाकवून केलेला कोयंडा. दार लावताना कोयंडा आकड्यात शिरतो, त्याच्या धक्क्याने आकडा फिरतो आणि कोयंड्याला कवेत घेतो. आकडा उलटा फिरू नये म्हणून मागे एक खिटी त्याच्या दात्यात अडकून बसते. संपलं. शंभरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीचं दार बंद असतं ते या खिटीच्या भरवशावर. आतलं किंवा बाहेरचं हँडल ओढल्यावर घडतं ते एवढंच की ही खिटी बाजूला सरकते. बाकीचं काम दाराभोवतीचं दाबलेलं रबर करतं. ते दाराला बाहेर लोटतं, आकडा परत फिरतो आणि कोयंडा मोकळा होतो.

दार उघडं असतानाच हा आकडा स्क्रूड्रायव्हरने आत ढकलून पाहिला तर 'खट' असा आवाज दोनदा येतो. (हा प्रयोग साध्या, यांत्रिक हँडलच्या गाडीवरच करावा, आणि दार लावण्याआधी हँडल ओढून आकडा मोकळा करावा, नाहीतर कोयंडा बंद आकड्यावर आदळेल.) पहिला खट म्हणजे अर्धवट लागलेलं दार. तो उत्पादकाचा आळशीपणा नाही. दार नीट लागलं नाही तरी ते वळणावर सताड उघडू नये म्हणून दिलेली ती आधीची पायरी आहे, आणि तिच्यावर कायद्याचं लक्ष असतं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांतला २०६ क्रमांकाचा नियम सांगतो की पूर्ण लागलेल्या कडीने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन जोर सोसला पाहिजे. म्हणजे साधारण अकराशे किलोचं वजन टांगल्यासारखं. अर्धवट लागलेल्या कडीलाही साधारण ४,५०० न्यूटनपर्यंत सूट नाही.

त्याच नियमात आणखी एक अट आहे, आणि ती वाचताना मला अभियंत्यांच्या डोक्याचं खरं कौतुक वाटतं. गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट झटका बसला तरी दार आपण होऊन उघडता कामा नये. आपण होऊन कसं उघडेल? बाजूने धडक बसली की दाराचा पत्रा क्षणात आत सरकतो. पण हँडललाही वजन असतं आणि ते जागच्या जागी राहू पाहतं. पत्रा आत आणि हँडल मागे राहिलेलं, म्हणजे दाराच्या दृष्टीने कुणीतरी बाहेरून हँडल ओढल्यासारखंच झालं. धडक स्वतःच दार उघडते! म्हणून हँडलांच्या आत उलट्या बाजूला एक छोटं वजन बसवलेलं असतं. हँडल बाहेर राहू पाहतं तेव्हा ते वजन त्याला आत ओढून धरतं. आपण रोज ज्याला हात लावतो त्या मुठीत असा तराजू असतो याची बहुतेकांना कल्पनाही नसते.

एवढा बंदोबस्त दार उघडू नये यासाठी. याचं कारण विसाव्या शतकाच्या मध्यात आहे. तेव्हाच्या अमेरिकी गाड्यांची दारं अपघातात सर्रास उघडत आणि माणसं रस्त्यावर फेकली जात. 'गाडीबाहेर फेकला गेला म्हणून वाचला' अशा गोष्टी तेव्हा लोक सांगत, आपल्याकडे अजूनही सांगतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अपघातांची माहिती गोळा करून पाहिली तेव्हा चित्र नेमकं उलटं निघालं. बाहेर फेकल्या गेलेल्यांच्या मरणाचा धोका कितीतरी जास्त होता. फोर्डने १९५६ च्या गाड्यांत दुहेरी पकडीच्या कड्या दिल्या, त्या याच सुमाराला. दाराचं पहिलं कर्तव्य बंद राहणं, हे त्या काळात ठरलं.

दुसरं कर्तव्य उघडणं. ही दोन कर्तव्यं एकमेकांची वैरी आहेत, आणि त्या वैरात सापडलेला एक माणूस इतिहासाला माहीत आहे. गस ग्रिसम हा अमेरिकी अंतराळवीर. २१ जुलै १९६१ रोजी त्याचं लिबर्टी बेल ७ हे यान समुद्रात उतरलं आणि दाराचे स्फोटक बोल्ट वेळेआधीच उडाले. पाणी आत शिरलं, ग्रिसम कसाबसा वाचला, यान बुडालं. पुढे अपोलोच्या पहिल्या यानाला आत उघडणारं दार बसवलं गेलं. यानातल्या हवेच्या दाबानेच ते घट्ट बसायचं, त्यामुळे चुकून उघडण्याचा प्रश्नच नव्हता. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत यानाच्या आत आग लागली. आगीने दाब वाढला, दाबाने दार आणखी आवळलं गेलं. ते उघडायला सगळं सुरळीत असतानाही मिनिट-दीड मिनिट लागायचं. ग्रिसम आणि त्याचे दोन्ही सोबती, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी, आतच गेले. त्यानंतर अपोलोला बाहेर उघडणारं, काही सेकंदांत सुटणारं दार मिळालं. एकाच माणसाच्या वाट्याला दोन दारं आली. एक फार लवकर उघडलं आणि दुसरं उघडलंच नाही.

आता विजेवर या.

साध्या गाडीत हँडल आणि खिटी यांच्यामध्ये एक केबल असते, सायकलच्या ब्रेकला असते तसलीच. हात ओढतो, तार ओढली जाते, खिटी सरकते. नव्या पद्धतीत ही तार कापून टाकली आहे. बोट बटणावर पडतं, बटण दारातल्या संगणकाला कळवतं, संगणक विचार करतो आणि मग एक इवलीशी मोटर खिटी सरकवते. त्या 'विचार करतो' मध्ये सगळी जादू आहे. गाडी चालू आहे का? मग दार उघडायचं नाही. दाराच्या काचेला वरून चौकट नाही का? मग आधी काच थोडी खाली घ्यायची, म्हणजे ती रबरातून अलगद सुटेल. मालकाचा फोन जवळ आला का? मग हँडल बाहेर काढून ठेवायचं.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट मला लेक्ससच्या गाड्यांत दिसते. मागच्या बाजूला नजर ठेवणारा रडार त्यांच्यात दाराशी जोडलेला आहे. रस्त्याकडेला गाडी थांबवून तुम्ही बटण दाबलंत आणि त्याच क्षणी मागून सायकलवाला येत असेल, तर दार उघडतच नाही. ज्याने ज्याने उघड्या दारावर आदळून पडलेला दुचाकीस्वार पाहिला आहे, त्याला हे दार म्हणजे चमत्कार वाटेल. तार कापल्यावाचून हे जमलं नसतं. तेव्हा विजेची कडी म्हणजे निव्वळ नखरा, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पत्र्यात दडलेली हँडलं हा मात्र बराचसा नखराच. त्यांनी हवेचा विरोध कमी होतो हे खरं, पण फार थोडा. गाडी गुळगुळीत आणि उद्याची दिसते, हा खरा फायदा.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेही इथेच सांगायला हवं, कारण त्यांची नेहमी गल्लत होते. हँडल पत्र्यात दडलेलं असणं एक, आणि कडी विजेने सुटणं दुसरं. टेस्ला मॉडेल ३ चं बाहेरचं हँडल अंगठ्याने दाबून हातानेच बाहेर काढायचं असतं, त्याला मोटर नाही. पण आतली कडी विजेची. उलटही असू शकतं. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांची हँडलं पत्र्यात दडलेली आहेत, टाटांच्या कर्व्हचीही. बाहेरून दिसणारं हँडल पाहून आतल्या कडीबद्दल काहीच ठरवता येत नाही. शोरूममध्ये विचारण्याचा प्रश्न एकच आहे: वीज पूर्ण गेली तर मागचं दार आतून कशाने उघडतं? टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत बीकेसीला भारतातलं पहिलं दुकान मॉडेल वाय घेऊन उघडलं, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडेही विचारण्याजोगा झाला आहे.

वीज पूर्ण जाईलच कशी, असं कुणी म्हणेल. अशा गाडीत ७५ युनिटांच्या आसपास वीज भरलेली असते. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला अकरा दिवस पुरेल इतकी. खिटी सरकवायला त्यातला कणही लागत नाही. गंमत अशी की दार त्या मोठ्या बॅटरीला जोडलेलंच नसतं. शेकडो व्होल्टची वीज दारात, काचेत, दिव्यांत फिरवणं धोक्याचं, म्हणून गाडीत जुन्या गाड्यांसारखी एक छोटी, बारा व्होल्टच्या घरातली बॅटरी वेगळी असते, आणि दारं तिच्यावर चालतात. मोठी बॅटरी तिला अधूनमधून भरत राहते. आता खरी गोम पाहा. मोठ्या बॅटरीची वीज बाहेर सोडणारे जे जाडजूड विद्युत्‌-खटके असतात, ते ओढून धरायलाही याच छोट्या बॅटरीची वीज लागते. छोटी मेली की मोठी आपल्या कोठारात बंद. अकरा दिवसांची वीज पायाखाली आणि दार उघडायला थेंब नाही.

अपघातातही तसंच. धडक जोराची असेल तर बारूद भरलेला एक फ्यूज क्षणार्धात मोठ्या बॅटरीची वाट तोडतो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर वाचवायला आलेल्या माणसालाच झटका बसायचा. उरते ती छोटी बॅटरी आणि तिच्या तारा. त्या धडकेतून वाचल्या तर दारं उघडतात. काही उत्पादक म्हणून कडीजवळच एक सुपरकपॅसिटर बसवतात, एक-दोनदा खिटी सरकवण्यापुरती वीज उराशी धरून बसणारा.

बॅटरी मरायला अपघातच व्हावा लागतो असंही नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात एका बाईने दोन वर्षांच्याही आतल्या नातीला मॉडेल वायमध्ये बसवलं, दार लावलं, आणि पुढचं दार उघडायला गेली तर गाडी मेलेली. अग्निशमन दलाने कुऱ्हाडीने काच फोडून मुलीला काढलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने २०२१ च्या सुमारे १,७४,००० मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली ती अशाच तक्रारींवरून. आईबाप बाहेर, मूल आत, बाहेरची हँडलं मुकी. काहींनी काचा फोडल्या. या प्रसंगांत एक बारकावा आहे. आतला आणीबाणीचा खटका कितीही चांगला असला तरी सीटला पट्ट्यांनी बांधलेल्या बाळाला त्याचा उपयोग शून्य. इथे गरज बाहेरून उघडण्याची होती, आणि बाहेर यांत्रिक असं काही नव्हतंच.

फोर्डनेही जून २०२५ मध्ये मस्टँग माख-ई या जवळपास दोन लाख विजेच्या गाड्या परत बोलावल्या. तिथली अडचण अशी की छोटी बॅटरी उतरली आणि पुढचे दोघं उतरून गेले, तर मागचा माणूस आत अडकू शकत होता. फोक्सवॅगनच्या आयडी ४ वर आदल्या वर्षी नेमकी उलटी पाळी आली होती. हँडलमध्ये पाणी शिरून दार नको तेव्हा उघडण्याचा धोका, म्हणून एक लाखाच्या आसपास गाड्या परत. ग्रिसमची दोन्ही दारं इथे पुन्हा भेटतात.

आणि हा फक्त विजेच्या गाड्यांचा आजार नाही. शेवर्लेची कॉर्वेट ही चांगली पेट्रोल पिणारी गाडी. २००५ पासून तिची दारंही बटणाने उघडत. २०१५ च्या जूनमध्ये टेक्सासात एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ आपल्या कुत्र्यासह अशा कॉर्वेटमध्ये अडकले. बॅटरीची तार सैल झाली होती, बटण चालेना, हॉर्न वाजेना. दोघंही उष्म्याने गेले. सीटजवळ जमिनीलगत एक खटका होता. तो ओढला असता तर दार उघडलं असतं.

खटका होता. या विषयाचं मर्म मला या दोन शब्दांत दिसतं. मॉडेल वायच्या मागच्या दाराला, ज्या गाड्यांत तो दिला आहे त्यांत, खटका दाराच्या कप्प्याच्या तळाशी आहे. आधी कप्प्यातली रबरी चटई काढायची, मग एक झाकण, मग आतली केबल ओढायची. जुन्या मॉडेल एसमध्ये तो मागच्या सीटखालच्या गालिच्याआड. सायबरट्रकमध्ये पुन्हा कप्प्यातल्या चटईखाली. मॉडेल ३ च्या सुरुवातीच्या अनेक वर्षांच्या गाड्यांत मागच्या दारांना तो नव्हताच; पुढच्या सीटवर चढून पुढचं दार उघडणं हाच मार्ग.

पुढच्या दारांचं काय? तिथला खटका उत्तम आहे, आणि त्याची एक गमतीदार तक्रार जगभरचे टेस्लामालक करतात. पाहुणा गाडीत बसतो, उतरताना बटणाकडे त्याचं लक्षच जात नाही. त्याची बोटं काचेच्या बटणांपुढे असलेल्या त्या चपट्या खटक्यावर जातात, तो ओढतो आणि दार उघडतं. मालक कळवळतो, कारण असं उघडलं की काच खाली सरकायला वेळ मिळत नाही आणि ती रबराला घासते. पडद्यावर तसा इशाराही उमटतो. मालकाच्या लेखी ही पाहुण्याची चूक. मला वाटतं, आणीबाणीच्या दाराची याहून चांगली परीक्षा कुणी घेतलेली नाही. ज्याला काहीच सांगितलेलं नाही, ज्याने पुस्तिका पाहिलेली नाही, त्याचा हात जिथे आपोआप गेला तोच खरा संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. चटईखाली दडवलेली केबल कुणी चुकून कधीच ओढत नाही, म्हणून घाबरलेला माणूसही ती ओढणार नाही.

ही गोष्ट इमारती बांधणाऱ्यांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कळली होती, आणि फार मोठी किंमत मोजून कळली होती. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा जादूचा खेळ होता. शेवटी खेळणी वाटायला सुरुवात झाली तेव्हा वरच्या सज्ज्यातली मुलं जिन्याने खाली धावली. जिन्याच्या पायथ्याशी एक दार आत उघडणारं, आणि ते अर्धवट उघडं ठेवून खिटी लावलेली, एका वेळी एकच मूल जावं म्हणून. १८३ मुलं गुदमरून मेली. नऊ वर्षांनी, १८९२ मध्ये, रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज या इंग्रजाने दारावरच्या एका अडसराचं पेटंट घेतलं, जो नुसत्या धक्क्याने सुटतो. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोचं इरोक्वॉय थिएटर जळालं, सहाशेवर माणसं मेली. तिथे बाहेर पडायची दारं भरपूर होती, पण काहींना अशा कड्या होत्या की त्या कशा उघडतात हे तिथल्या प्रेक्षकांना माहीतच नव्हतं. त्या दिवशीचा खेळ हुकल्यामुळे वाचलेल्या कार्ल प्रिंझलर या लोखंडी सामानाच्या विक्रेत्याने पुढे सोबत्यांना घेऊन आडव्या दांडीची कडी बाजारात आणली. मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना ज्या आडव्या दांडीला आपण पोटाने किंवा हातातल्या पॉपकॉर्नच्या खोक्याने ढकलतो ती हीच. तिच्यात बुद्धीला काही कामच ठेवलेलं नाही. मागून लोटणारी गर्दीच ती उघडते.

गाडीच्या डिकीलाही असं भाग्य लाभलं आहे. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात खेळता खेळता डिकीत बंद झालेली अकरा मुलं काही आठवड्यांत दगावली. त्यानंतर नियम आला, आणि सप्टेंबर २००१ पासून तिथल्या नव्या मोटारींच्या डिकीत आतून ओढायचं हँडल सक्तीचं झालं. अंधारात चमकणारं, कारण डिकीत अंधार असतो. आणि हात घालून ओढावंसं वाटेल असं, कारण वापरणारा कदाचित चार वर्षांचा असेल. त्या चमकत्या हँडलवर जितका विचार झाला तितका मागच्या सीटवरच्या माणसाच्या केबलवर झाला नाही, हे चमत्कारिकच म्हणायचं. मागे चाइल्ड लॉक असतं आणि मुलांच्या हाताला खटका लागू नये हे कारण त्यामागे असणार. ते अगदीच पोकळही नाही.

केबल सापडली नाही तर उरते काच, आणि इथे दुसरं आश्चर्य आहे. बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड असतात. तापवून लाल व्हायच्या बेतात आल्या की त्यांच्यावर एकदम थंड हवा मारतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर आकसू पाहतो आणि बाहेरच्याला आवळून धरतो. जन्मभर ती काच स्वतःशीच ताणलेली असते. तळहाताने कितीही बडवा, दाद देणार नाही. पण कठीण टोकाने कोपऱ्यात एवढासा ओरखडा आतल्या थरापर्यंत गेला, की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्खी काच खड्यांच्या ढिगात कोसळते. लॅमिनेटेड काच वेगळी. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा, म्हणून ती तडकते पण सुटत नाही. गाडी आत शांत राहावी आणि अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून आता ती बाजूच्या दारांतही येऊ लागली आहे. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली. टेम्पर्ड काच चार साधनांनी फुटली, लॅमिनेटेड एकानेही नाही. आपल्या गाडीत कोणती काच आहे ते तिच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर लिहिलेलं असतं. (सीटचा हेडरेस्ट काच फोडण्यासाठीच काढता-घालता केला आहे, हा व्हॉट्सअॅपवरचा शोध कुठल्याही कारखान्याला ठाऊक नाही.)

मुंबईकरांना हा धडा विजेच्या गाड्यांच्या आधीच मिळाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यात उभ्या गाड्यांत अडकून माणसं गेली. सेंट्रल लॉक बसलं, विजेच्या काचा हलेनात. त्यानंतर शहरात कितीतरी जणांनी गाडीत छोटी हातोडी ठेवायला सुरुवात केली. पाण्यात तर यांत्रिक हँडलही पुरं पडत नाही. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी असेल आणि आत नसेल, तर मीटरभर रुंदीच्या दारावर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. पाऊण मीटरला तो पावणेतीनशेच्या पुढे जातो, कारण भार खोलीच्या वर्गाने वाढतो. म्हणून बुडत्या गाडीत पहिल्या मिनिटातच, वीज चालू आहे तोवर, काच खाली घ्यायची आणि तिथून निघायचं.

या सगळ्या गुंत्याला पहिला कायदेशीर धक्का दिला तो चीनने. तिथे मार्च २०२५ मध्ये आनह्वै प्रांतातल्या महामार्गावर शाओमीच्या एसयू ७ गाडीला अपघात होऊन आग लागली आणि तीन विद्यार्थिनी गेल्या. ऑक्टोबरात छंगतूमध्ये त्याच कंपनीची आणखी एक गाडी पेटली, आणि येणारेजाणारे हातांनी काचा बडवत असल्याची, पण दार काही उघडत नसल्याची दृश्यं देशभर पाहिली गेली. २०२६ च्या फेब्रुवारीत नवं मानक जाहीर झालं. १ जानेवारी २०२७ पासून तिथे मान्यता मिळणाऱ्या नव्या गाड्यांना प्रत्येक दारासाठी आतून आणि बाहेरून, वीज नसताना चालणारं यांत्रिक हँडल द्यावं लागेल. आधीच मान्यता मिळालेल्या गाड्यांना १ जानेवारी २०२९ पर्यंत मुदत. आतलं हँडल कसं चालतं त्याची खूणही दारावर हवी, आणि ती किमान किती मोठी असावी तेही ठरवून दिलेलं.

टेस्लाचे मुख्य रचनाकार फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनी सप्टेंबर २०२५ मध्येच सांगितलं होतं की बटण आणि यांत्रिक खटका एकत्र करण्याचं काम चालू आहे. लेक्ससने ते आधीच करून दाखवलं आहे. तिथे रोज जे हँडल दाबून दार विजेने उघडतं, तेच दोनदा ओढलं की आतली तार खिटी सरकवते. घाबरलेला माणूस हँडलला काय करतो? पुन्हा पुन्हा ओढतो. रडारही राहिला, तारही राहिली.

चाइल्ड लॉकचा पेच मात्र यानेही सुटत नाही. ते लावलेलं असेल तर आतलं हँडल, विजेचं असो की तारेचं, मुलाला दार उघडू देणार नाही. त्यासाठीच ते असतं. अशा वेळी मागच्या सीटवरच्या मुलाची सुटका बाहेरच्या माणसाच्या हातात असते, आणि त्या माणसाने ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली असते. चिनी मानकात म्हणूनच बाहेरच्या हँडलपाशी हात घालायला किती पोकळी हवी याचं माप दिलं आहे: किमान ६० मिलिमीटर लांब, २० रुंद, २५ खोल. मोठ्या माणसाची तीन बोटं त्यात आरामात जातात.